होडीच्या अलीकडची रात्र

आमच्या वाईच्या घरात देव्हाऱ्याखालच्या फळीवर तांब्याचा एक गडू आहे. गळ्याशी लाखेचे काळपट डाग, बुडाला एक पोचा. माझ्या पणजीनं १९११च्या सुमारास ह्या गडूतून गंगा रामेश्वराला नेली. काशीहून आणलेलं पाणी रामेश्वराच्या पिंडीवर घालायचं, तिथली सेतूची वाळू प्रयागला नेऊन गंगेत सोडायची, तेव्हा कुठं यात्रा पुरी झाली म्हणायचं, असा आपल्याकडचा जुना रिवाज. एकनाथांनी तहानलेल्या गाढवाच्या तोंडात रिती केली ती कावडही रामेश्वराचीच.

पणजीच्या गोष्टी माझ्यापर्यंत आल्या त्या आजीच्या तोंडून. देवळाच्या लांबलचक ओवऱ्या, बावीस तीर्थांची स्नानं, ह्यातलं पणजीनं फारसं काही सांगितलेलं नव्हतं. ती सांगायची ती मंडपमची रात्र. तेव्हा रेल्वे मंडपमपर्यंतच होती. पुढं पांबनची खाडी, आणि खाडीपलीकडं रामेश्वराचं बेट. त्या दिवशी वारा पडेना, होड्या सुटेनात. सगळी मंडळी वाळूत, सामानाला टेकून, अंगावर घोंगड्या घेऊन बसून राहिली. भाषा कळत नसलेल्या एका बाईनं पणजीला ताकाचं भांडं दिलं. रात्रभर गडू मांडीवर. पणजी म्हणायची, “देवापाशी मी घटकाभर होते गं, पण त्याच्या अलीकडं अख्खी रात्र होते.”

गेल्या माघात आम्ही दोघं तंजावरला गेलो. पुण्यात मोडी शिकल्यापासून सरस्वती महाल ग्रंथालयात चार दिवस बसायची माझी इच्छा होती, ती पुरी झाली. पाचव्या दिवशी गाडी काढून रामेश्वराला निघायचं ठरलं आणि नकाशा पसरताच आमचं वाजलं. ह्यांचं म्हणणं, “अगं, पाच-साडेपाच तासांचा रस्ता. पहाटे निघालो तर दुपारी देवळात असू. मुक्काम कशाला?” मी म्हटलं, “अहो, देऊळ आहेच. पण मला त्याच्या आधीची रात्र पाहायची आहे.” शेवटी जाताना दोन मुक्काम आणि येताना एक, असं ठरलं. मुक्काम कुठं करायचा, हे मी ठरवायचं होतं. ते काम मला वाटलं त्याहून अवघड निघालं, कारण त्या वाटेवर ते काम कुणी तरी दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच करून ठेवलेलं होतं.

व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं ते १६७६च्या आसपास. त्यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षं कावेरीच्या त्या सुपीक मुलखावर भोसल्यांचं राज्य होतं. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा इतिहास मराठीत आहे, हे पुष्कळांना ठाऊक असतं. त्या भिंतीशी उभं राहून फोटो काढणारी मराठी माणसं मी त्या चार दिवसांत कितीतरी पाहिली. पण तंजावरहून दक्षिणेला, समुद्राच्या कडेकडेनं रामेश्वराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याच घराण्यानं ठेवलेल्या खुणा पाहायला फारसं कोणी जात नाही. मला त्या भिंतीवरच्या वंशावळीपेक्षा मोठ्या वाटतात.

त्या खुणा म्हणजे छत्रं. तमिळमध्ये ‘चत्तिरम्’. आपण अन्नछत्र म्हणतो, कुणी अन्नसत्र म्हणतात, त्यातलाच हा शब्द. तंजावरच्या मुलखात छत्र म्हणजे नुसती पंगत नव्हे. तिथं पाठ टेकायला जागा होती, पाणी होतं, वैद्य होता, शाळा होती, आणि ह्या सगळ्याचा खर्च चालावा म्हणून गावं आणि जमिनी तोडून दिलेल्या होत्या. आणि ह्या छत्रांची नावं पाहत गेलं की तो रस्ता बायकांच्या नावांनी ओळखू येतो. नीडामंगलमला तंजावरच्या प्रतापसिंहराजांच्या काळातलं यमुनांबेचं छत्र. ओरत्तनाडूला मुक्तांबेचं. मणमेलकुडीला द्रौपदांबेचं. मिमिसलला राजकुमारांबेचं. आपल्याकडं घाटावर नाहीतर बारवेवर एखाद्या राणीचं नाव असतं. इथं एका यात्रेच्या वाटेवर, मुक्कामामागून मुक्काम, राजवाड्यातल्या बायकांच्या नावानं भात शिजत होता.

तंजावरहून निघालं की ओरत्तनाडू पंचवीस किलोमीटरच्या आतबाहेर. तिथून पट्टुकोट्टई जवळजवळ तेवढंच. गाडीत बसून हे आकडे काहीच वाटत नाहीत. बैलगाडी तासाला कोसभर चालते असं धरा, दुपारचं ऊन टाळा, बैलांना वैरण-पाणी करा, की ही बरोबर एका दिवसाची मजल होते. चालणाऱ्यालाही तेवढीच झेपते. जुन्या मराठीत वाटेतल्या मुक्कामाच्या जागेला ‘पेणे’ म्हणत. मजल आणि मुक्काम हे शब्द पुढं अरबी-फारसीतून आले आणि पेणे मागं पडलं. पेणे निवडताना माणूस तीन गोष्टी पाहतो: अंधार पडायच्या आत पोचता येईल का, पाणी गोडं आहे का, आणि शेजार भरवशाचा आहे का. ह्या वाटेवर दुसरी गोष्ट सगळ्यांत कठीण. पट्टुकोट्टई सोडून समुद्राची कड धरली की वाळू, ताडाची झाडं, मिठागरं, आणि पुष्कळ विहिरींना मचूळ पाणी. छत्र बांधणाऱ्यानं आधी तळं नाहीतर विहीर पाहिली आणि मग खांब उभे केले, हे तिथं गेल्यावर कळतं.

ह्या छत्रांमध्ये काय चालायचं, ते सांगणारा सगळ्यांत बोलका कागद दुसऱ्या सरफोजीराजांचा आहे. १७९९च्या तहानं राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला आणि सरफोजींच्या हाती तंजावरचा किल्ला आणि नेमणूक एवढंच उरलं. पुढं १८०१ साली त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन ह्याला पत्र लिहून छत्रांना हात लावू नका अशी विनवणी केली. हे पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रात्री झोप आली नाही. राज्य गेलेला माणूस आपल्या मानपानाबद्दल लिहील, असं मला वाटलं होतं. सरफोजी लिहितात ते भाताबद्दल. ब्राह्मणापासून परैयापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, जो कोणी वाटसरू येईल त्याला शिजवलेला भात मिळतो. ज्याला तो चालत नाही त्याला कोरडा शिधा, मसाल्यासकट. हे वाढणं मध्यरात्रीपर्यंत चालतं. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा करतात की कोणी जेवायचं राहिलं असेल त्यानं यावं.

आजाऱ्याला औषध आणि पथ्याचं अन्न, बरा होईपर्यंत. विष उतरवणारे, सूज उतरवणारे वैद्य नेमलेले. तान्ह्या पोरांना दूध. बाळंतीण झाली तर खर्च छत्राचा, आणि पुढं तीन महिने राहायची मुभा. वाटेत आईबाप गेलेली परक्यांची पोरं शाळेच्या पंतोजीच्या ताब्यात. त्यांना दिवसातून तीनदा जेवण, चार दिवसांनी एकदा तेल लावून न्हाऊ घालणं, त्यांना आवडेल ती विद्या शिकवणं, आणि शिकून तयार झाली की त्यांच्या लग्नाचा खर्च. हे सगळं एका राजाच्या विनंतीपत्रात ओळीनं लिहिलेलं आहे. चार दिवसांनी एकदा तेल, हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. जो माणूस हे लिहितो त्यानं कधी तरी एखाद्या पोराचे रखरखीत केस जवळून पाहिलेले असणार.

आणि ही छत्रं राहिली. कंपनीनं ती पुढं चालू दिली, राज्य १८५५ साली खालसा झाल्यावरही ती मोडली नाहीत, आज त्यांचा कारभार सरकारी कार्यालयाकडे आहे.

ओरत्तनाडूचं छत्र सरफोजींच्या काळचं, १८०२च्या सुमारास उभं राहिलेलं. मुक्तांबा ही त्यांची लग्नाआधीपासूनची प्रेयसी, आणि आपल्या नावानं अन्नदान चालावं अशी तिची शेवटची इच्छा होती, असं सांगतात. जुन्या दप्तरांत गावाचं नावच मुक्तांबापुरम. इमारत मोठी आहे. समोरच्या बाजूला जोत्यावर चाकं कोरलेली, हत्ती आणि घोडे ओढताहेत अशी. उभ्या जागी सगळं छत्र म्हणजे निघालेला रथ. वाटसरूनं अंगणात शिरल्यावर आधी हे पाहायचं, ही कल्पना कोणाला सुचली असेल? दिवसभर चालून पाय सुजलेल्या माणसाला घरच चालताना दिसावं! आम्ही पोचलो तेव्हा दुपार होती. तिथं राहता येणार नव्हतं, राहण्याची जागा म्हणून ती आता चालत नाही. येताना परत थांबू म्हणून पुढं निघालो.

पट्टुकोट्टईवरून राजामडम, मग सेतुभावाछत्रम. ह्या गावाच्या नावात रामदासी परंपरेतल्या सेतुबावा स्वामींचं नाव आहे. तंजावरात रामदासी मठ व्यंकोजींच्या काळापासून रुजले. साताऱ्याच्या बाजूला जन्मलेल्या मला पाल्कच्या उपसागरावर, मासे वाळत घातलेल्या किनाऱ्यावर, गावाच्या पाटीवर ते नाव वाचताना जे झालं ते सांगता येत नाही. मी गाडीतून उतरून पाटीखाली उभी राहिले.

जवळच मनोरा आहे. सरफोजींनी १८१४-१५ साली नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाची खूण म्हणून बांधलेला आठ मजली, षट्कोणी. त्यावर पाच भाषांतला लेख आहे आणि त्यांत मराठी आहे. त्याच माणसानं कारभार गेल्यावर इंग्रजांच्या विजयाचा मनोरा उभारावा, ह्याबद्दल त्याला नावं ठेवणारे आहेत. मला तसं म्हणवत नाही. छत्रांची गावं ज्यांच्या मर्जीवर होती त्यांची मर्जी राखणं हाही त्या भाताचाच खर्च होता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

पहिला मुक्काम आम्ही मणमेलकुडीच्या पुढं एका साध्या लॉजवर केला. सांगण्यासारखं काही नाही. पाणी मचूळ होतं.

मिमिसलच्या पुढं रामनाथपुरमच्या सेतुपतींचा मुलूख लागतो. सेतुपती हा किताबच सेतूच्या राखणीचा. यात्रेकरूंना वाटेत लुटालूट सोसावी लागे, म्हणून मदुरेच्या नायकानं सतराव्या शतकाच्या आरंभी, १६०५च्या सुमारास, सडैक्क तेवर ह्याला ह्या घराण्याची गादी दिली, असा इतिहास आहे. म्हणजे एक राज्यच मुळी मुक्कामांच्या रक्षणासाठी उभं राहिलं. किळवन सेतुपतीनं पुढं राजधानी पोगलूरहून रामनाथपुरमला आणली, समुद्राच्या आणखी जवळ. तंजावरकरांसारखीच त्यांचीही छत्रं आणि मठ होते, आणि ते बेटावरही होते. होडीतून उतरलेल्या माणसाला देवळापर्यंत अजून दहा-बारा किलोमीटरची वाळू तुडवायची असे.

बेटावर अक्काळमडम आणि तंगच्चिमडम अशी दोन गावं आहेत. अक्का म्हणजे मोठी बहीण, तंगच्ची म्हणजे धाकटी. त्यांची कथा तिथले लोक आजही सांगतात. विजयरघुनाथ सेतुपतीनं आपल्या दोन मुली एकाच सरदाराला दिल्या होत्या, आणि पांबनचा कारभारही त्याच्याकडे सोपवला होता. त्यानं होडीतून उतरणाऱ्या यात्रेकरूंकडून पैसे घ्यायला सुरुवात केली. बेटावर पक्की वाट बांधावी हा त्याचा हेतू होता, असंही म्हणतात. राजाला कळलं. सेतूच्या यात्रेकरूकडून उतराई घेणं हा शिवद्रोह, म्हणून त्यानं जावयाचं डोकं उडवलं. दोन्ही मुली सती गेल्या, आणि दोघींच्या नावानं बापानं दोन मठ बांधले. कथा किती खरी, हे मला मोजायचं नाही. होडीचं भाडं घेतलं म्हणून राजानं आपल्याच लेकींचं कुंकू पुसलं, असं ज्या मुलखाला सांगावंसं वाटतं, त्यानं होडीची वाट किती जपली असेल! तंगच्चिमडमला गाडी थांबवून मी चहा घेतला. समोरून पर्यटकांच्या बसगाड्या जात होत्या. त्या दोघींपैकी कोणालाही विचारलं गेलं नव्हतं, हे मात्र मनातून जाईना.

पण हे पलीकडचं. आमचा दुसरा मुक्काम अलीकडं होता, मंडपमला. खाडीकाठी तोणित्तुरै नावाची वस्ती आहे. तोणी म्हणजे होडी, तुरै म्हणजे घाट, उतार. गावाचं नावच होडीचा धक्का. इथून बेट समोर दिसतं, झाडं ओळखू येतील इतकं जवळ. देवळाच्या नोंदींत म्हणे असं आहे की १४८०च्या वादळापर्यंत हे अंतर पायी ओलांडता येई. त्यानंतर शेकडो वर्षं होडीच. अंतर थोडं, पण पाल्कचा उपसागर आणि मन्नारचं आखात इथं एकमेकांत शिरतात. प्रवाहाला ओढ, तळाशी खडक, आणि ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्येचा वारा. माघातल्या अमावास्येला, महाशिवरात्रीला यात्रा भरायची तेव्हा काठावर किती माणसं थांबत असतील! इथं मुक्काम कोणी निवडत नव्हतं. वारा ठरवायचा. मागच्या साऱ्या वाटेवर माणूस आपल्या पायांच्या हिशेबानं थांबत आलेला असतो. इथं तो पहिल्यांदा स्वतःच्या हातात नसलेल्या गोष्टीसाठी थांबतो. तंजावरच्या राण्यांची आणि सेतुपतींची छत्रं ह्या एका रात्रीच्या तयारीसाठी होती, हे मला त्या धक्क्यावर उभं राहिल्यावर उमगलं. इथं येईतो माणूस आजारी, उपाशी, लुटलेला असला तर वारा पडायची वाट तो पाहूच शकला नसता.

मंडपमला दुसऱ्याही लोकांनी रात्री काढल्या आहेत, त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी सिलोनच्या मळ्यांकडे जाणाऱ्या तमिळ मजुरांसाठी सिलोन सरकारनं इथं, भारताच्या भूमीवर, छावणी चालवली. देवी टोचायची, कपडे धुरी देऊन निर्जंतुक करायचे, साथ नाही अशी खात्री होईपर्यंत काही दिवस ठेवून घ्यायचं, मग बोटीवर चढवायचं. तोच समुद्र, तेच थांबणं. त्यांच्यासाठी घंटा वाजवून कोणी विचारत नव्हतं. १९६४च्या शास्त्री-सिरिमावो करारानंतर त्यांच्याच नातवंडांना परत पाठवलं गेलं तेव्हा तीही ह्याच छावणीत उतरली. १९८३नंतर लंकेतून जीव घेऊन आलेले निर्वासित इथंच आले, आणि छावणी अजून आहे. सकाळी फिरायला गेले तेव्हा कुंपणाच्या आत एक बाई दोरीवर शाळेचा गणवेश वाळत घालत होती.

पांबनचा रेल्वे पूल १९१४ साली फेब्रुवारीत सुरू झाला. दोन किलोमीटरहून थोडा लांब, मधला भाग जहाजांसाठी उघडणारा. त्याच वर्षी धनुष्कोडीहून तलैमन्नारला आगबोट सुरू झाली आणि मद्रासहून निघालेला माणूस रेल्वेतून उतरून बोटीत, बोटीतून पुन्हा रेल्वेत असा कोलंबोला पोचू लागला. मंडपमच्या वाळूतली रात्र संपली. माझी पणजी त्या रात्रीच्या शेवटच्या माणसांपैकी. मात्र मोटारीसाठी पूल नव्हता. १९८८ साली २ ऑक्टोबरला रस्त्याचा पूल खुला होईपर्यंत गाडीनं आलेल्या माणसाला मंडपमला गाडी सोडावीच लागे. धनुष्कोडी तर १९६४च्या डिसेंबरातल्या वादळानं उतारूंनी भरलेल्या गाडीसकट नेलं. आता रेल्वेचा नवा पूलही झाला आहे, १९१४च्या पुलावरून गाड्या जात नाहीत.

त्या रात्री मंडपमला वारा होता. लॉजच्या गच्चीवरून पुलावरचे दिवे दिसत होते, गाड्या थांबत नव्हत्या. मी गडू बरोबर आणला होता. त्यात ह्या वेळी गंगा नव्हती, घरच्या कृष्णेचं पाणी होतं. तो मांडीवर घेऊन बारा वाजेपर्यंत बसले. हे आधी हसले नाहीत, नंतर शेजारी खुर्ची ओढून बसले.

रामेश्वराला आम्ही घटकाभर होतो.

येताना ओरत्तनाडूला पोचेपर्यंत रात्रीचे साडेनऊ झाले होते. छत्राच्या आवारात मुलांचं वसतिगृह आहे, दूरच्या खेड्यांतली पोरं राहतात. वऱ्हांड्यातल्या एका दिव्याखाली दोघं-तिघं पाठांतर करत होती. दगडी चाकांवर उजेड पडला होता. आम्ही फाटकाशी उभे आहोत हे पाहून पहारेकरी आला. आम्हाला तमिळ येत नाही हे त्याला कळलं असावं, कारण त्यानं एकच शब्द विचारला, आणि तो आता आम्हाला कळत होता.

“साप्पिट्टींगळा?”

जेवलात का. आम्ही जेवलो नव्हतो. मी मान हलवून नाही म्हटलं. तो फाटक ढकलून आत वळला आणि चालता चालता पोरांपैकी कोणाला तरी त्यानं हाक मारली.